पत्रास कारण पाच किलोमीटर

डब्याच्या झाकणावर बोटांच्या पेरांनी दोनदा टकटक करायची, कान जरासा तिरका करायचा आणि म्हणायचं, "शेपू." मग झाकण उघडायचं. बहुतेक वेळा शेपूच असायची. एखाद्या दिवशी दोडका निघाला, तर आमच्या सिक्युरिटी गार्ड मावशी आपल्याकडे अशा बघायच्या, जणू कंपनीच्या गेटपर्यंत येता येता आपणच भाजी बदलली आहे.

चाकणच्या बाजूला तुम्ही कधी नोकरी केली असेल, तर कंपनीच्या गेटवर काय चालतं ते तुम्हाला ठाऊक असेल. ओळखपत्र, बॅग, गाडीचा नंबर, आत येण्याची वेळ, बाहेर जाण्याची वेळ. डबा उघडून बघायचा नियम खरं म्हणजे बाहेर जाताना होता, कोणी सुटे भाग घेऊन जाऊ नये म्हणून. मावशी तो येतानाही बघायच्या. मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "आत काय गेलं ते ठाऊक नसंल, तर बाहेर काय आलं ते कसं कळणार? नोंद होऊ द्या."

नोंद होऊ द्या. हे त्या दिवसातून दोनशे वेळा म्हणत असतील. वय चव्वेचाळीस, अंगाने भरलेल्या, निळा शर्ट, काळी पँट, कमरेला जाड पट्टा आणि पट्ट्यावर एक आणखी पट्टा, कारण पहिल्यावर त्यांचा विश्वास नव्हता. मूळच्या लातूरकडच्या. नवऱ्याचा छोटा टेम्पो होता. राहायला चऱ्होलीला, जिथे आजूबाजूला रोज एक इमारत उगवत होती. नवरा सकाळी सहाच्या आत चाकणला माल भरायला निघायचा, तेव्हा त्यांना गेटवर सोडून जायचा. अतिशय शांत माणूस. मी त्यांच्या तोंडून "बरं" याखेरीज दुसरा शब्द फार कमी वेळा ऐकला.

मी तेव्हा डिस्पॅचला होतो. कंपनी गाड्यांचे भाग बनवायची आणि बनलेला माल ट्रकमधून रवाना करायचं काम माझं. त्यामुळे गेटवर माझी रोजची ये-जा, आणि मावशींची माझी ओळख.

त्यांचा एकुलता एक मुलगा, योगेश, सैन्यात भरती झाला तेव्हा त्यांनी गेटवर पेढे वाटले. प्रत्येकाला एक पेढा, आणि एका कागदावर प्रत्येकाच्या नावापुढे खूण, म्हणजे कोणी दोनदा घेऊ नये. मी दोनदा घेतला. दुसऱ्या दिवशी मला दुपारी बोलावून माझ्या नावापुढच्या दोन खुणा दाखवण्यात आल्या.

योगेश गेला महाराष्ट्राबाहेर, रेल्वेने दीड दिवसाच्या अंतरावर, ट्रेनिंगला. पहिले काही महिने मोबाइल जवळ ठेवायला मनाई. रविवारी पाच मिनिटं फोन, तोही रांगेत उभं राहून. पहिल्या रविवारनंतर मावशी सोमवारी हिरमुसलेल्या होत्या.

"पाच मिन्टं काय पुरतात भाऊ? मी इचारलं, जेवलास का. तो म्हणला, जेवलो. मी इचारलं, काय जेवलास. तो सांगूलाला तवर कट."

"मग पत्र लिहा," मी म्हटलं.

"पत्र," त्या म्हणाल्या, जणू मी त्यांना विमान चालवायला सांगितलं होतं.

मी निगडीला राहतो. आमच्या घराजवळच्या पोस्टातून दहा आंतरदेशीय पत्रं आणली. पोस्टातल्या माणसाने ती आतून शोधून काढली आणि मला विचारलं, "शाळेचा प्रकल्प आहे का?"

दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत मावशी पत्र घेऊन बसल्या. मी सांगितलं, सुरुवात करा, चिरंजीव योगेश यास अनेक आशीर्वाद. त्यांनी लिहिलं. अक्षर चांगलं होतं, टपोरं. मग लिहिलं, तू बरा असशील. आम्ही बरे आहोत. मग पेन थांबलं. अर्धा तास थांबलं. दोन ट्रक आत गेले, एक बाहेर आला, त्यांच्या नोंदी त्यांनी सपासप केल्या आणि पुन्हा येऊन त्या तीन ओळींपुढे बसल्या.

"सुचत नाही का?"

"मनात लई हाय. पण ते कागदावर आलं की मला लाज वाटूलाली."

"मग मनातलं राहू द्या. दिवसभरात काय झालं तेवढं लिहा."

हे मी सहज म्हटलं. त्याचा परिणाम पुढे इतक्या लांबपर्यंत जाईल, हे ठाऊक असतं तर कदाचित जरा विचार करून बोललो असतो. दोन दिवसांनी त्यांनी मला पूर्ण भरलेलं पत्र आणून दिलं. "शुद्धलेखन बघा," म्हणाल्या. शुद्धलेखन ठीक होतं. पत्र असं होतं:

"वार गुरुवार, माझी सुट्टी. सकाळी ५.१० पाणी आलं. ५.३० पाणी गेलं. ५.४० तुझे पप्पा टेम्पो घेऊन बाहेर, कारण चाकण. ८.०५ समोरच्या बिल्डिंगला सिमेंटचे मिक्सर तीन आत. ९.०० वरच्या मजल्यावरची वहिनी आत, कारण साखर. ९.०२ वहिनी बाहेर, सोबत साखर एक वाटी. दुपारी १.०० जेवण, मेथी. ४.३० मिक्सर दोन बाहेर. सायंकाळी ७.४० दार वाजल्यासारखं झालं. उघडून बघितलं. कोणी नाही. रात्री ९.०० दिवा बंद."

मी ते दोनदा वाचलं. हसू आवरत नव्हतं, पण सात चाळीसच्या नोंदीपाशी मी जरा थांबलो.

"बरोबर हाय ना?" त्यांनी विचारलं.

"एकदम बरोबर."

पत्र गेलं. मग त्याच धाटणीची आणखी दोन गेली. तिसऱ्या आठवड्यात योगेशचं उत्तर आलं आणि मावशींनी ते मला गेटवरच वाचायला लावलं, कारण त्यांचा चष्मा घरी राहिला होता. चष्मा त्यांच्या खिशात होता, हे मला दिसत होतं. त्यांना ते ऐकायचं होतं.

त्याच्याकडे झालं होतं ते असं. आलेली पाकिटं-पत्रं उस्ताद, म्हणजे त्यांना शिकवणारा हवालदार, आधी बघायचा. त्याला मराठी येत नव्हतं, पण आकडे आणि मिक्सर हे शब्द कळले. त्याने योगेशला पुढे बोलावलं. "ये तेरी माँ चिठ्ठी लिखती है या गाड़ियों की रिपोर्ट भेजती है?" योगेशने आई गेटवर गार्ड आहे असं सांगितलं. उस्तादाने सगळ्या पलटणीसमोर पत्र हिंदीत करून सांगायला लावलं. योगेशने सांगितलं. मग उस्ताद म्हणाला, "मिक्सर तीन अंदर, दो बाहर. तीसरा किधर गया?"

"आई," योगेशने लिहिलं होतं, "तिसरा मिक्सर कुठे गेला ते लवकर कळव. इथे चाळीस पोरं रोज विचारतात. आणि वहिनीने साखर परत दिली का."

मावशी इतक्या खूश झाल्या, की त्या दिवशी त्यांनी कोणाचाही डबा वाजवला नाही. संध्याकाळी घरी जाताना समोरच्या बिल्डिंगच्या वॉचमनला गाठून चौकशी केली. तिसरा मिक्सर मागच्या बाजूला चिखलात रुतला होता आणि दुसऱ्या दिवशी सव्वाअकराला क्रेनने काढला होता. तसं पत्र गेलं. साखर आलेली नव्हती, तेही गेलं.

यानंतर मावशींच्या पत्रांना आमच्याकडे आणि तिकडे, दोन्हीकडे वाचक झाले. सकाळच्या कंपनीच्या बसमध्ये लोक विचारायचे, आमचं नाव कधी घालणार. पेंट शॉपमधल्या एकाने मुद्दाम उशिरा येऊन गेटवर भांडण केलं, म्हणजे आपली नोंद पत्रात जाईल. मावशींनी त्याला रजिस्टरमध्ये घातलं, पत्रात घातलं नाही. देखभाल विभागातले शेखभाई मात्र तिकडे फार प्रसिद्ध झाले, कारण त्यांनी एकदा कंपनीत शिरलेल्या घोरपडीला बादलीखाली कोंडलं आणि ती बादलीसकट चालत गेटपर्यंत आली. ही नोंद मावशींनी "१०.२० बादली एक बाहेर" अशी केली होती.

अडीच-तीन महिने असे गेले. मग एक दिवस दुपारी मी गेटवर गेलो, तर बाहेर ट्रक हॉर्न देत उभा आणि मावशी खुर्चीवर बसलेल्या. मी त्यांना ड्युटीवर बसलेलं त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. हातात पत्र होतं. हॉर्न त्यांना ऐकू येत नव्हता. मी स्वतः जाऊन गेट उघडलं, ट्रक आत घेतला, नंबर लिहिला आणि त्यांच्याजवळ येऊन उभा राहिलो.

"वाचा," त्या म्हणाल्या. या वेळी चष्मा त्यांच्या डोळ्यांवर होता.

पाठीवर भरलेला पिठ्ठू, म्हणजे सैनिकी पाठपिशवी, आणि हातात रायफल घेऊन पाच किलोमीटर पळायची परीक्षा होती. अठ्ठावीस मिनिटांच्या आत. योगेश पहिल्यांदा एकतीस मिनिटांनी आला होता, दुसऱ्यांदा साडेएकोणतीस. तिसरी संधी दोन महिन्यांनी. तेव्हाही राहिला तर त्याला मागच्या बॅचला टाकणार होते, म्हणजे बरोबरची पोरं पुढे जाणार आणि हा पुन्हा नव्या पोरांत. शेवटी लिहिलं होतं, "आई, मला जमत नाही. मी अर्ज करून घरी येतो. पप्पा म्हणाले होते तेच बरोबर होतं, टेम्पो चालवतो. तू रागावू नको."

"फॉर्म मी भरला होता," मावशी म्हणाल्या. "त्याचे पप्पा नको म्हणत होते. मी म्हणलं, जाऊ द्या, माणूस व्हईल. आता घरी आला तर येऊ दे, घर त्याचंच हाय. पण आयुष्यभर त्याला वाटत राहील भाऊ, की दीड मिन्टासाठी आपून परत आलो."

मी काही तरी धीराचं बोललो. ते त्यांनी ऐकलं नाही. त्या विचार करत होत्या. मग म्हणाल्या, "पिठ्ठू म्हणजे पिठाचा असतो ना?"

मला हसायला आलं, पण त्यांचा चेहरा बघून मी हसलो नाही. "असेल," म्हटलं. "वजन असतं त्यात."

दुसऱ्या दिवशी सकाळी आमची बस पावणेसातला गेटवर आली, तेव्हा मावशी जागेवर नव्हत्या. रात्रपाळीचा गार्ड गेट सांभाळत होता आणि तोंड दाबून हसत होता. कंपनीच्या भिंतीला लागून चारही बाजूंनी रस्ता आहे. त्या रस्त्याच्या कोपऱ्यावरून मावशी येत होत्या. निळा शर्ट, काळी पँट, दोन पट्टे, पाठीवर योगेशचं कॉलेजचं दप्तर, हातात गार्डचा दांडा रायफलसारखा छातीशी धरलेला. पळणं आणि चालणं यांच्या मधलं काही तरी चाललं होतं. गेटपाशी येऊन त्या कठड्यावर बसल्या आणि धापा टाकत राहिल्या.

"दप्तरात काय आहे?" मी विचारलं.

"ज्वारीचं पीठ. पाच किलो." मग श्वास घेऊन, "अकरा मिन्टं. मधी दोनदा बसले. नोंद होऊ द्या."

रविवारच्या फोनवर काय झालं ते त्यांनी मला नंतर सांगितलं. योगेश म्हणाला, आई, मी अर्ज लिहूलालो. त्या म्हणाल्या, लिही, पण आधी ऐक. मी बी पळूलाले. पाठीवर पीठ घेऊन. एका राउंडला अकरा मिनिटं लागली. तुझं किती ते मला दर आठवड्याला लिहायचं, माझं मी तुला लिहिते. माझ्या आधी तू थांबायचं नाही. मग तो हसला. बाजूच्या रांगेतल्या पोरांना त्याने तिथेच सांगितलं, आणि ती पोरंही हसली, आणि पाच मिनिटं संपली.

"हसला म्हंजी जेवला असंल," मावशी म्हणाल्या.

मग जे सुरू झालं, त्याला मी आजही हसतो. शेखभाईंनी पन्नास मीटरची मोजपट्टी आणून राउंड मोजला. नेमके आठशे मीटर. म्हणजे पाच किलोमीटरला सहा राउंड आणि वर दोनशे मीटर. दोनशे मीटरच्या जागी भिंतीवर त्यांनी लाल रंगाने रेघ मारली. त्यांच्या मोबाइलवरचं स्टॉपवॉच अधिकृत ठरलं. रात्री माल घेऊन आलेले आणि गेटबाहेर मुक्कामाला असलेले ट्रकवाले सकाळी दात घासत घासत रस्त्याच्या कडेला उभे राहायचे आणि मावशी समोरून गेल्या की ब्रश वर करायचे. राजस्थानचा एक ड्रायव्हर तर गाडी भरून तयार असूनही निघेना, तो म्हणाला, "माताजी का दूसरा राउंड देख के जाऊँगा." माझा माल त्याच्या गाडीत होता. मला ग्राहकाला उशिराचं कारण कळवायचं होतं. मी वाहतूक कोंडी लिहिलं.

मावशींचे पाय सुजले. गुडघ्याला तेल लावून यायच्या, गेटवर दिवसभर त्याचा वास. बुटांची एक जोडी गेली. त्यांच्या नवऱ्याने न विचारता पळायचे बूट आणले, पांढरे, बाजूला गुलाबी पट्टी असलेले. मावशी म्हणाल्या, गणवेशावर गुलाबी चालत नाही. ते म्हणाले, "बरं," आणि काळ्या पॉलिशने पट्टी रंगवून आणली.

पत्रं चालूच होती, पण आता त्यांत दोन रकाने असायचे. "सोमवार, माझे राउंड दोन, वेळ एकोणीस मिनिटं, बसले नाही. मंगळवार, राउंड दोन, कुत्रं मागे लागलं म्हणून वेळ सतरा, ही वेळ धरू नये." आणि तिकडून यायचं, "आई, साडेएकोणतीस. एकोणतीस दहा. काल पोट दुखत होतं, तीस. आज एकोणतीस." चौथ्या आठवड्यानंतरच्या पत्रात योगेशने लिहिलं, की आता पळताना उस्ताद मागून ओरडतो, "तेरी माँ आटा ले के भाग रही है, तू क्या ले के सो रहा है?" अर्जाचं नाव त्या पत्रात नव्हतं. मी मावशींना तसं म्हटलं. त्या म्हणाल्या, "मला दिसलं. बोलू नका. नजर लागते."

योगेशची तिसरी परीक्षा एका शनिवारी सकाळी होती. मावशींनी ठरवलं, त्याच सकाळी आपणही पूर्ण पाच किलोमीटर पळायचे. तोवर त्यांनी कधी पाच राउंडच्या पुढे मजल मारली नव्हती.

त्या दिवशी आमची बस मुद्दाम वीस मिनिटं आधी आणली होती. निगडीपासून बसमधले सगळे ड्रायव्हरला घाई करत होते. गेटवर पोचलो तेव्हा तिसरा राउंड चालू होता. मावशींचा नवरा टेम्पो बाजूला लावून उभा होता. माल भरायला गेला नव्हता. चौथा राउंड झाला. पाचव्याला मावशींचा चेहरा काळानिळा दिसायला लागला आणि शेखभाई माझ्या कानात म्हणाले, "थांबवायचं का?" मी त्यांच्या नवऱ्याकडे बघितलं. त्यांनी मान हलवली. नाही.

नेमकं त्या दिवशी कोणी मोठे ग्राहक यायचे होते, म्हणून प्लांटचे मोठे साहेब सकाळी सातच्या आधीच आले. रस्त्याच्या एका बाजूला ट्रकांची रांग, मधून एकच गाडी जाईल एवढी जागा, आणि त्या जागेतून मावशी दांडा छातीशी धरून पळत होत्या. साहेबांच्या ड्रायव्हरला हॉर्न द्यायचं धाडस झालं नाही. दोन-अडीचशे मीटर साहेबांची पांढरी गाडी मावशींच्या मागून, त्यांच्याच वेगाने, हळूहळू येत राहिली. बघणाऱ्याला वाटावं, मंत्र्यांचा ताफा आहे आणि मंत्री पुढे पळत आहेत. ट्रकवाले टाळ्या वाजवायला लागले. गेटपाशी मावशी पुढे निघून गेल्या आणि साहेब काच खाली करून म्हणाले, "हे काय चाललंय?"

शेखभाई म्हणाले, "सर, पाचवा संपला."

"म्हणजे किती राहिले?"

"एक आणि वर थोडं."

साहेबांनी घड्याळात बघितलं. आम्हाला वाटलं, आता संपलं. ते गाडीतून उतरले, ड्रायव्हरला गाडी आत न्यायला सांगितली आणि आमच्यात येऊन उभे राहिले. कशासाठी पळताहेत, त्यांनी विचारलं. मी थोडक्यात सांगितलं. ते कोपऱ्याकडे बघत राहिले, जिथून मावशी दिसायच्या होत्या.

सहाव्या राउंडला मावशी कोपऱ्यावर आल्या तेव्हा त्यांच्या मागे रस्त्यावर एक पांढरी रेघ येत होती. दप्तराची शिवण उसवली होती आणि पीठ सांडत होतं. रेघेच्या मागे दोन कुत्री आणि त्यांच्या मागे कबुतरं. मावशींना काही कळलं नव्हतं. त्या गेटपासून पुढे गेल्या, लाल रेघेपर्यंत गेल्या, भिंतीला दोन्ही हात टेकले आणि तशाच खाली बसल्या.

"सत्तेचाळीस मिनिटं, दहा सेकंद," शेखभाई म्हणाले, आणि मोबाइल साहेबांनाच दाखवला.

नवऱ्याने पाण्याची बाटली पुढे धरली. मावशींनी आधी दप्तर मागितलं, आत हात घातला, रस्त्यावरची रेघ बघितली. मग मला म्हणाल्या, "भाऊ, शेवटच्या राउंडला वजन कमी झालं. तसं पत्रात लिव्हावं लागंल."

"अर्धं तर पाठीवर होतंच," साहेब म्हणाले.

"अर्ध्याहून कमी असंल सर," मावशी म्हणाल्या. त्यांना धाप लागली होती, तरी त्यांनी उठून कपडे झटकले आणि साहेबांना सलाम केला. साहेबांनीही केला. हात जरा चुकीच्या जागी गेला त्यांचा, पण केला.

तिकडचा निकाल कळायला रविवारपर्यंत थांबायचं होतं. मी तो रविवार कसा काढला ते मलाच ठाऊक. मावशींना फोन करायचा मोह तीनदा आवरला. सोमवारी सकाळी बस वळणावरून आली, तर कंपनीचं मोठं गेट पूर्ण उघडं आणि मावशी मधोमध सावधान उभ्या. ड्रायव्हरने बस थांबवली. मावशी खिडकीशी आल्या. काही विचारायची वेळच आली नाही.

"सत्तावीस चाळीस," त्या म्हणाल्या.

ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. मग बसमध्ये जो गोंधळ झाला, त्यात पेंट शॉपच्या त्या माणसाने मला मिठी मारली आणि माझा चष्मा वाकवला. पहिली पाळी त्या दिवशी बारा मिनिटं उशिरा सुरू झाली. याची रजिस्टरमध्ये काय नोंद झाली, ते बघायला मी गेलो. मावशींनी लिहिलं होतं, "बस वेळेवर." त्यांच्या हातून झालेली ही एकमेव खोटी नोंद असावी.

शपथेच्या परेडला आईवडिलांना बोलावणं आलं. मावशींनी सहा वर्षांत पहिल्यांदा सलग पाच दिवस रजा घेतली. परत आल्यावर दोन दिवस त्या गेटवर तेच सांगत होत्या, आणि प्रत्येक ट्रकवाल्याला नव्याने. परेड संपल्यावर योगेश समोरून चालत आला आणि बाजूने पुढे निघून गेला. त्याने आईला ओळखलंच नाही. जाताना तो जिला सोडून गेला होता, तिच्यातली दहा-बारा किलो आई आता नव्हती. मावशींनीच मागून हाक मारली, "ए योग्या, ओळखपत्र कुठंय?" तो वळला. मग त्याला रडू आलं, आणि मावशी सांगायच्या, की मी नाही रडले, कारण तेवढ्यात चाळीस पोरं भोवती जमली.

"माताजी, आटा कितना गिरा?" एकाने विचारलं. दुसऱ्याला घोरपडीचं हवं होतं. एक केरळचा, एक बिहारचा, दोघे पंजाबचे. त्यांना शेखभाई ठाऊक, वरच्या मजल्यावरची वहिनी ठाऊक, मी ठाऊक. उस्ताद आला, त्याने हात जोडले आणि म्हणाला, इतक्या वर्षांत एवढी पत्रं पाहिली, पण पोरं दुसऱ्याच्या आईच्या पत्राची वाट बघताना पहिल्यांदा पाहिली. मावशींना हिंदी थोडं कमी कळायचं. त्या म्हणाल्या, "मी नुसतं हो हो केलं. पण त्याचे पप्पा डोळे पुसूलालते, म्हंजी चांगलंच बोलला असंल."

योगेश सुट्टीवर आला तेव्हा मावशी त्याला कंपनीच्या गेटवर घेऊन आल्या. उंच, काळा पडलेला, केस बारीक कापलेले. सगळ्यांच्या पाया पडला. मी पाय मागे घेतला, पण तो माझ्याहून चपळ होता. शेखभाई म्हणाले, आता आले आहात तर मायलेकांचा एक राउंड होऊन जाऊ द्या. मावशींनी ड्युटी संपवली, बूट बदलले. दप्तर नव्हतं, दांडा नव्हता. शेखभाईंनी स्टॉपवॉच लावलं.

तो मागे राहून पळत होता, हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं. मी तसं आधीच मावशींना म्हटलं होतं, की तो तुम्हाला जिंकू देईल. "माहिताय," त्या म्हणाल्या होत्या. "त्याला वाटतं मला कळत नाही. वाटू द्या."

दुसऱ्या दिवसापासून मावशी रजेवर होत्या आणि पुढच्या आठवड्यात सुरक्षेचं कंत्राट बदललं. जुने गार्ड गेले, कोणी तळेगावला, कोणी आणखी कुठे. मावशींना पुनावळ्याकडच्या एका सोसायटीत पाठवल्याचं मी ऐकलं. त्यांचा नंबर माझ्याकडे होता, एक-दोनदा बोललोही. मग माझी नोकरी बदलली, त्यांनी नंबर बदलला, आणि जसं होतं तसं झालं. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते मायलेकांच्या त्या राउंडच्या संध्याकाळी.

दोघं भंगाराच्या शेडजवळच्या कोपऱ्यावरून वळली आणि भिंतीआड गेली. त्या बाजूने वळून पुन्हा दिसायला साधारण दोन मिनिटं लागायची. दोन झाली. तीन झाली. कोणी आलं नाही. भिंतीच्या पलीकडून आधी मावशींच्या हसण्याचा आवाज आला, मग योगेशच्या, मग दोघांचा मिळून, आणि मग दोघं काही तरी बोलत आहेत एवढंच ऐकू यायला लागलं, शब्द कळत नव्हते. ती पळत नव्हती. बसली असावीत.

शेखभाईंनी माझ्याकडे बघितलं. त्यांचा अंगठा मोबाइलवर होता.

"बंद करू का?"

"राहू द्या चालू," मी म्हटलं.